बेनापोलची ट्रेड कार्ट आणि काटोलचा विलेजर

(मागच्या भागाचं शब्दांकन. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी पुण्यातून नाही, काटोलातून बोलतोय. घरच्या गच्चीवर बसलोय, त्यामुळे मधे मधे कुत्र्याचा आणि शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आपण रशिया-युक्रेनवर दोन भाग केले होते, आठवत असेल. एज ऑफ एम्पायर्सच्या भाषेत. स्वस्त ड्रोन म्हणजे स्पिअरमन, महागडा रणगाडा म्हणजे नाईट, वगैरे. तुम्हाला ते आवडले. पण माझा सगळ्यात कडक श्रोता घरीच आहे. आमचे बाबा. रात्रीच्या लाईनवर ओलित करायला जातात तेव्हा मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवून माझे भाग ऐकतात. दोन्ही भाग ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "समजलं बाप्पा सारं. पण तुह्या गेममधी संत्र्याचं झाड लावता येते का?"

मी हसलो. म्हटलं, नाही येत.

"मंग थो गेम अर्धाच हाय."

तर आजचा भाग त्या उरलेल्या अर्ध्यावर. संघर्ष तोच, जगाचाच, फक्त नकाशा थोडा झूम करून काटोलवर आणायचा आहे.

ज्यांनी हा गेम कधी खेळलाच नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. मी बोलतोय तो एज ऑफ एम्पायर्स टू, १९९९ चा. आम्ही शाळेत असताना कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळायचो, तेव्हा तो दहा वर्षं जुना झालेला होता. सुरुवातीला तुमच्याकडे एक टाऊन सेंटर, तीन विलेजर आणि एक घोड्यावरचा स्काउट. बाकी नकाशा काळाकुट्ट. अन्न, लाकूड, सोनं, दगड हे चार रिसोर्स. विलेजर हे चारही गोळा करतो, घरं बांधतो, शेती करतो. ५० अन्न दिलं की २५ सेकंदांत नवा विलेजर तयार. नवशिका खेळाडू सैन्य मोजतो, मुरलेला खेळाडू विलेजर मोजतो.

आणि सोनं संपतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नकाशावरच्या खाणी खणून झाल्या की सोनं मिळवायचे मार्ग थोडेच उरतात: मार्केटमध्ये माल विकायचा, नाहीतर दुसऱ्या खेळाडूच्या मार्केटपर्यंत ट्रेड कार्ट पाठवायची. ते मार्केट जितकं लांब, तितकं एका खेपेचं सोनं जास्त.

आता आमची ट्रेड कार्ट बघा. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. इथून ट्रक निघतो तो नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर, कोलकाता करत पेट्रापोलला जातो. हजार-बाराशे किलोमीटर. पलीकडे बेनापोल, म्हणजे बांगलादेश. नागपुरी संत्र्याचा परदेशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक हाच. कारण साधं आहे. आपल्या संत्र्याची साल सैल, फळ नाजूक, फार दिवस टिकत नाही. जहाजात घालून महिनाभर फिरवायचा हा माल नाही. अंबिया बहार ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडायला येतो आणि डिसेंबर उजाडला की उत्तरेच्या बाजारात पंजाबचा किन्नू उतरतो. म्हणजे मधे जी काही आठवड्यांची खिडकी आहे त्यात माल कुठेतरी जवळ, भरपूर माणसं असलेल्या बाजारात खपायला हवा. ढाका त्याला अगदी बरोबर बसतं.

मग झालं काय? इथून पुढे मी चाली एकेक करून सांगतो.

२९ सप्टेंबर २०१९. भारताने कांद्याची निर्यात बंद केली. देशात भाव चढले होते, शहरातला मतदार रागावला होता. सिव्हिलायझेशन खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल: हॅपिनेस खाली गेला की खेळाडू बाकी सगळं सोडून आधी तो सावरतो. त्यानंतर चारपाच दिवसांतच शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या कार्यक्रमात त्या हिंदीत गमतीने म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, आता स्वयंपाकात कांदा घालू नको. पुढच्या वेळी आधी कळवत जा. सभागृह हसलं. बातम्यांमध्येही ती गंमत म्हणूनच चालली. पण बांगलादेशात कांदा किलोला २०० टक्यांच्या वर गेला आणि नोव्हेंबरात त्यांना कांदा विमानाने आणावा लागला. विमानाने कांदा! गेमच्या भाषेत सांगायचं तर न्यूट्रल शेजाऱ्याने न सांगता गेट लावून घेतलं.

सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, ती मे २०२४ पर्यंत. यात लासलगावच्या कांदेवाल्याचं काय झालं हा वेगळा भाग होईल, आणि तो नाशिकच्या माणसानेच करावा.

आता दुसऱ्या बाजूची चाल. बांगलादेशने आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवायला सुरुवात केली तीही २०१९ मध्येच. तेव्हा किलोमागे २० होतं. दरवर्षी चढत चढत २०२३ ला ते ८८ वर गेलं. बागेत फळाला किलोला वीस-पंचवीस रुपये मिळतात हे डोक्यात ठेवून हा आकडा पुन्हा ऐका. फळापेक्षा त्याचं तिकीट तिप्पट-चौपट महाग.

आमच्याकडे याचा अर्थ सरळ लावला गेला. पानठेल्यावर, मार्केटात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे एकच: आपण त्यांचा कांदा अडवला, त्यांनी आपलं संत्रं अडवलं. मीही हेच मानत होतो. तारखा जुळत होत्या ना.

पण इथे फॉग ऑफ वॉर येतो. गेममध्ये तुमचा माणूस जिथे उभा असेल तेवढंच दिसतं. शेजाऱ्याच्या भिंतीआड काय चाललंय ते दिसत नाही. मग तो जे काही करतो ते आपल्याच विरोधात करतोय असं वाटायला लागतं. तो भिंत बांधतो, आपण म्हणतो आपल्यावर हल्ला येणार. खरं म्हणजे त्याच्यावर तिसराच कोणीतरी दुसऱ्या बाजूने चालून आलेला असतो.

मी जरा स्काउट पाठवला. म्हणजे बांगलादेशच्या अर्थव्यवस्थेवर वाचत बसलो. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्या तिजोरीत ४८ अब्ज डॉलरचा परकीय चलनसाठा होता. त्यांच्यासाठी विक्रमी. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला. तेल भडकलं, गॅस त्याहून भडकला. युरोपने जगभरातला जहाजावरचा गॅस वाट्टेल त्या भावाला उचलायला सुरुवात केली आणि गरीब देशांना तो परवडेना. बांगलादेशने जुलैत बाजारभावाचा गॅस घेणं थांबवलं, डिझेलवरची वीजकेंद्रं बंद ठेवली, वेळापत्रक लावून लोडशेडिंग सुरू केलं. डॉलर ८६ टक्यांना होता, तो पुढे १२० पार गेला. २०२३ च्या मेमध्ये साठा ३० अब्जांच्या खाली आला होता. त्याआधी जानेवारीतच नाणेनिधीकडून ४.७ अब्जांचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं होतं.

राजेहो, म्हणजे त्यांचं सोनं संपत आलं होतं. सोनं संपायला लागलं की खेळाडू काय करतो? आधी बिनगरजेच्या गोष्टींवरचा खर्च तोडतो. मे २०२२ मध्ये त्यांनी शंभरावर वस्तूंवर २० टक्के रेग्युलेटरी ड्युटी लावली. यादीत काय होतं? सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर, फुलं आणि फळं. आपलं संत्रं, ज्याला आपण शेतमाल म्हणतो, ते त्यांच्या यादीत लिपस्टिकच्या शेजारी बसलं होतं.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंजे पुतिनने आपला बगीचा खाल्ला?"

पूर्ण नाही. हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. शुल्क २०१९ पासून चढतंय आणि युद्ध २०२२ चं आहे, त्यामुळे पहिल्या तीन पायऱ्या युक्रेनच्या नावावर टाकता येत नाहीत. माझं मत विचाराल तर तिथे एका क्लिकमध्ये तीन कामं झाली: स्वतःचं सोनं वाचलं, त्यांच्याकडे माल्टा आणि संत्री लावणाऱ्यांना आडोसा मिळाला, आणि दिल्लीला थोडा चिमटाही बसला. चांगला खेळाडू असाच खेळतो. कांद्याची थिअरी अर्धी खरी आणि सोन्याची अर्धी. मला खटकतं ते एवढंच की आमच्याकडे दुसरी अर्धी कोणी सांगितलीच नाही. सांगितली असती तर २०२२ च्या उन्हाळ्यातच कळलं असतं की हे शुल्क कांदा सोडला म्हणून खाली येणार नाही.

आता २०२३ चा अंबिया. हा माझ्या घरचा किस्सा आहे.

आमच्याकडे बाग उभीच विकतात. व्यापारी येतो, झाडं बघतो, अंदाज बांधतो, सौदा करतो, बयाना देतो आणि तोडायच्या वेळी आपल्या मजुरांसकट येतो. त्या वर्षी टनाला अठ्ठावीस हजारांनी सौदा ठरला होता. नोव्हेंबरच्या एका रात्री मी पुण्यात रूमवर गेम खेळत बसलो होतो, चार जणांची मॅच, पाऊण तास झालेला. बाबांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. व्यापारी बयाना सोडून गेला होता. बयाना सोडणं म्हणजे स्वतः दिलेले पैसे बुडवून निघून जाणं. त्याला तेच स्वस्त पडत होतं. सीमेपलीकडे माल पाठवला तर घाटा, इथे विकायला काढला तर भाव नाही.

भाव का नाही, तेही गेममधूनच सांगतो. मार्केटमध्ये १०० अन्न विकायला गेलात तर पहिल्यांदा ७० सोनं मिळतं, ३० टक्के फी कापली जाते. पुन्हा १०० विका, कमी मिळतं. पुन्हा विका, आणखी कमी. आणि तो भाव सगळ्या खेळाडूंना सामाईक असतो. तुम्ही काहीच विकलं नाही तरी शेजाऱ्याने विकलं म्हणून तुमचा भाव पडतो. बेनापोलचा रस्ता अरुंद झाला तेव्हा वरुडचं, मोर्शीचं, नरखेडचं, आमचं, सगळं संत्रं एकाच वेळी कळमन्याकडे आणि दिल्लीकडे वळलं. आमचा माल शेवटी सतरा हजारांनी गेला. तोही लांबला, तोवर बरीच फळगळ झाली होती. खालचं फळ चुरीत गेलं, ते तर मोजूच नका.

फोन ठेवून मी स्क्रीनकडे बघितलं तर कोपऱ्यातल्या बटणावर आकडा दिसत होता. आयडल विलेजर, अकरा. हे बटण म्हणजे ज्यांना काम नाही असे विलेजर शोधून देतं. एक की दाबली की एकेक समोर येतो. मी नेहमीसारखं दाबत गेलो. तो उभा असतो बिचारा, काही बोलत नाही, तुम्ही जिथे पाठवाल तिथे जातो. त्या रात्री मॅच अर्धवट सोडली. पुढे आठवडाभर मित्रांनी शिव्या घातल्या.

त्या हंगामात राज्य सरकारने निर्यातदारांना शुल्काच्या निम्म्याइतकं अनुदान जाहीर केलं, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संत्र्यावरून गोंधळही झाला. ठीक आहे. पण शेतकऱ्याचा माल तोवर व्यापाऱ्याच्या हातात गेलेला असतो हे अनुदान आखणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग २०२४. ५ ऑगस्टला हसीना ढाका सोडून भारतात आल्या आणि डिप्लोमसीच्या मेनूत एका दिवसात सगळं बदललं. गेममध्ये अलायचा न्यूट्रल करायला एक टिक काढावी लागते. इथे ती कोणी काढली यावर दोन्हीकडचे लोक भांडत बसलेत. चाली मात्र दिसतात. ८ एप्रिल २०२५ ला भारताने बांगलादेशची ट्रान्सशिपमेंट बंद केली, म्हणजे आपल्या जमिनीवरून त्यांचा माल तिसऱ्या देशात जायचा ते थांबलं. आठवड्याभरात त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांमधून आपलं सूत घेणं बंद केलं. १७ मे ला आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरून घेणं बंद केलं. आणायचे तर न्हावाशेवा किंवा कोलकाता, समुद्रातून. कापूस पिकवणाऱ्यांनो, सुताची बातमी तुमची आहे. काटोलात ज्याच्याकडे संत्रं नाही त्याच्याकडे कापूस आहे, आणि ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला दोन्हीकडून चेक बसला. माफ करा, बुद्धिबळ मधे आलं.

या सगळ्यात एक गंमत सांगतो. भूतानचं संत्रंही बांगलादेशात जातं, आणि ते जातं भारताच्या जमिनीवरून. भूतानने डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्याशी व्यापार करारही केला. आपण मधे उभे राहून त्यांचे ट्रक जाताना बघतो. आणखी एक. २०१४ नंतर आपण सीमेवरून गुरं जाणं कडक बंद केलं. काही वर्षांत बांगलादेश बकरी ईदच्या जनावरांच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहिला. गेट लावलं की पलीकडचा खेळाडू स्वतःचं शेत टाकतो, हे दहा वर्षांचा पोरगाही दुसऱ्या मॅचमध्ये शिकतो. एकदा त्याचं शेत तयार झालं की तुम्ही गेट उघडून उपयोग नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो.

गेममध्ये शेत टाकायला ६० लाकडं लागतात. विलेजर काही सेकंदांत ते बांधतो आणि लगेच अन्न सुरू. नको असेल तर डिलीट करा, दुसरीकडे टाका. म्हणून गेममध्ये धोरण बदलणं फुकट आहे. संत्र्याचं कलम लावलं की पाच-सहा वर्षं ते फक्त खातं. पाणी, खत, कोळशीची फवारणी, डिंक्या लागला तर बुंध्याला पेस्ट. मग फळ. बाबांनी दक्षिणेकडच्या तुकड्यात कलमं लावली ती २०१७ मध्ये. तेव्हा बेनापोलचा रस्ता मोकळा होता. त्यांनी २०१७ चा नकाशा बघून लावलं आणि पहिलं भरघोस फळ आलं तेव्हा शुल्क ८८ होतं. या काळात ढाक्याने सात-आठ चाली बदलल्या, दिल्लीने बदलल्या, मॉस्कोने एक बदलली. झाडाला चाल बदलता येत नाही.

मी एकदा शहाणपणा केला. बाबांना म्हटलं, टेक ट्री बदला, एकाच युनिटवर सगळी आर्मी कशाला? थोडी मोसंबी लावा, थोडं प्रोसेसिंगला द्या, मिहानमध्ये आता रसाचा मोठा कारखाना आलाय. ते मला झाडाखाली घेऊन गेले. एक संत्रं सोलून दिलं, म्हणाले खा. खाल्लं, गोड. मग म्हणाले, "याचा रस काढून दोन घंटे ठेव अन् मंग पी." मी ठेवला. कडू झाला. नागपुरी संत्र्याच्या रसाचा हा जुना त्रास आहे, शास्त्रज्ञही त्यावर वर्षानुवर्षं काम करतायत. कारखाना कडूपणा काढू शकतो, पण तो भाव देतो चुरीचा. ताटात ठेवून खायच्या फळाचा भाव तो का देईल?

मोसंबीचं मात्र त्यांनी ऐकलं. किंवा ऐकलं असं मला वाटलं. परवा आलो तेव्हा दक्षिणेकडच्या तुकड्याच्या बांधावर जेसीबीच्या चाकांच्या खुणा दिसल्या. दोन ओळी काढल्यात, साठेक झाडं. आठ वर्षांची झाडं, ऐन भरातली. मुळं अजून बांधावर पडलीत. आई म्हणाली, जेसीबी आला त्या दिवशी ते शेतात गेलेच नाहीत, काटोलला बँकेत काम आहे म्हणून निघून गेले. बँकेला त्या दिवशी सुट्टी होती.

उरलेल्या झाडांवर अंबिया आहे. या वर्षी फळ चांगलं धरलंय, साइजही बरा आहे. काल एक नवा व्यापारी येऊन बघून गेला, बोलणं झालं, भाव अजून ठरला नाही. म्हणाला, कोलकात्याच्या माणसाला विचारून सांगतो. बाबा फोन जवळ घेऊन बसलेत. आणि मी गच्चीवर आहे, खाली जाऊन त्यांच्याजवळ बसावं म्हणतो, म्हणून आज इथेच थांबतो.

तुमच्यापैकी कोणी पेट्रापोलच्या बाजूला राहत असेल, ट्रकच्या धंद्यात असेल, तर मला लिहा. या वर्षी रांगेत संत्र्याचे किती ट्रक उभे आहेत ते मला कळवा. माझा स्काउट तिथवर पोचत नाही.